आप्पांच्या आवाजापुरती जागा

मी संभाजीनगरला जाऊन आले आणि लेणी बघितली नाहीत. मकबरा बघितला तो रिक्षातून, झाडांच्या वरून डोकावणारा पांढरा घुमट तेवढा. आमच्या वाडीतल्या बायका अजून विचारतात, "मगे, काय बघलंस थंयसर?" मी म्हणते, एक लग्न बघितलं. त्या हसतात. लग्न बघायला कोणी कुडाळहून एवढ्या लांब जातं का? म्हणून एकदा नीट लिहून काढते, म्हणजे सारखं सांगायला नको.

माझं काम माइकचं. शाळा सातवीत सुटली. बाजारात आबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे झाडलोटीला लागले. एक दिवस आबांनी हातातला झाडू काढून घेतला आणि सोल्डरिंगची मशीन दिली. "बोटां बारीक आसत तुझी," एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यावर माझं घर उभं आहे. आता रेडिओ कोणी आणत नाही. आम्ही नाटकांना, भजनांना, लग्नांना बिनतारी माइक भाड्याने देतो आणि ते सांभाळायला मी जाते.

मिलिंद हा आबांच्या शेजारचा मुलगा. वाळूजला कारखान्यात नोकरी करतो, तिथेच त्याला शीतल भेटली, सोयगाव तालुक्यातली. दोन्ही घरं राजी झाली. अडचण राहिली ती शीतलच्या वडिलांच्या गळ्यात. आप्पा शेतकरी, पण आजूबाजूच्या गावांत त्यांची ओळख मंगलाष्टकांची. गावातल्या कुठल्याही मुलीचं लग्न असो, भटजींची मंगलाष्टकं संपली की शेवटची आप्पा म्हणायचे, स्वतः रचलेली. मागच्या वर्षी गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची नस दुखावली. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाजाचा नुसता वारा उरला. हातभर अंतरावर उभ्या माणसाला ऐकू जाईल एवढाच. आणि आता लग्न स्वतःच्या मुलीचं.

शीतलने मिलिंदला सांगितलं होतं, बाकी काही नको, शेवटची मंगलाष्टका आप्पांची पाहिजे आणि ती शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेली पाहिजे. मिलिंदला आठवलं, की आमच्याकडच्या एका भजनीबुवांचा बसलेला आवाज मी गालावरच्या बारीक माइकने अख्ख्या मांडवाला ऐकवला होता. झालं. आबांचा गुडघा धरलेला, म्हणून मी एकटीच निघाले. माइकची पेटी मांडीवर. मधल्या तीन बसगाड्यांचं काही सांगण्यासारखं नाही, त्या पेटीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नाही एवढंच.

पुंडलिकनगर

शीतलचे काका संभाजीनगरात पुंडलिकनगरला राहतात. लग्नघर तिथेच. फाटकातच मंदाकाकू उभ्या, कडेवर वाळलेल्या शेवयांचं सूप.

"आल्या का ताई! या, या. लई लांबून आल्या वो." पेटी घ्यायला त्यांनी हात पुढे केला, मी दिली नाही. तशा हसल्या. "दागिने हायेत का काय, सोडीना झाल्यात?"

"माइक आहेत."

"मंग दागिन्यापरीस भारी. आमच्या भाऊजींचा आवाज हाये त्यात."

त्या सहज बोलून गेल्या, पण मला ती पेटी आणखी जड झाल्यासारखी वाटली.

जेवायला बसलो. आमच्याकडे पान मांडलं की आधी भात. इथे ताटात बाजरीची भाकरी, बेसन, मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा. मी आपली भाताची वाट बघत हळूहळू कुरतडत राहिले. काकू भाकऱ्या टाकत गेल्या, गरम गरम, पातळ पापुद्र्याच्या, वर लोण्याचा गोळा. नको म्हणायची मला सवय नाही. शेवटी भात आला, आणि पोटात शितालाही जागा उरलेली नव्हती.

"बगा बाई," काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "कोकणातली बाई अन् भात खाईना! मासळीबिगर उतरत नसंल."

सगळं घर हसलं. मीही हसले. प्रवासात पहिल्यांदा.

आबांचा फोन आला. "पोचलंस? जेवलंस? चॅनल बघलंस?" तिन्ही प्रश्न एका श्वासात. मी म्हटलं, आबा, अजून लॉनवर गेलेच नाही. "मगे बघ. आणि बिया नको." भिऊ नको हे ते मला इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हणालेत, की ते म्हणाले की मला भीती वाटायला लागते.

सोयगाव

दुसऱ्या दिवशी काका मला जीपमधून आप्पांकडे घेऊन गेले. माइक माणसाच्या अंगावर बसवून बघावा लागतो, चपलेसारखा. सिल्लोड मागे पडलं, अजिंठ्याचा घाट उतरलो आणि पुढे नुसती सपाट काळी जमीन. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, मका, मधेच एखादी केळीची बाग. आमच्याकडे घरातून बाहेर पाऊल टाकलं की चढ नाहीतर उतार, नजर कुठल्यातरी डोंगरावर जाऊन टेकते. इथे नजर जात राहते, टेकत नाही. मला छान वाटलं आणि कसंतरीही वाटलं. आमच्या धंद्यात लाट कुठवर जाईल ते डोंगर ठरवतो. इथे तिला अडवणार कोण?

आप्पा शेतातच भेटले. उंच, वाळलेले, खांद्यावर टॉवेल. त्यांनी हात जोडले, ओठ हलले, मला काही ऐकू आलं नाही. जवळ गेले तेव्हा कळलं, "या पोरी. माझ्यापायी लई हाल झाले तुझे."

"नाही हो आप्पा."

"आधी हुरडा खा. मंग तुझं मशीन."

आगटीत ज्वारीची कणसं भाजत ठेवलेली. आप्पा कणीस तळहातावर चोळायचे, फुंकर मारून फोलपट उडवायचे आणि हिरवे मऊ दाणे माझ्या हातावर ओतायचे. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. असं धान्य मी जन्मात खाल्लं नव्हतं, दूध भरलेलं, धुराच्या वासाचं. फुंकर एवढी जोरात, की मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. त्यांनी ते ओळखलं.

"फुकायला चालतंय," गळ्याला बोट लावून ते म्हणाले, "बोलायला चालत नाय. माईच्या मनासारखं झालं."

माई म्हणजे शीतलची आई. त्या लगेच म्हणाल्या, "व्हय, अन् रोज धा येळा 'काय म्हनलात?' म्हनत चुलीपासून उठावं लागतं, ते कोण बगतंय!"

घरी आलो. ओट्यावर मी स्पीकर मांडला, आप्पांच्या गालावर बारीक माइक चिकटवला, कमरेला डबी अडकवली. आवाज इतका बारीक, की मला मशीनचा कान जेवढा उघडता येईल तेवढा उघडावा लागला. ते मला आवडत नाही. कान मोठा केला की नको तेही ऐकू येतं, कावळे, पंखा, शेजारची हवा. पण दुसरा उपाय नव्हता. मी म्हटलं, आप्पा, काहीही बोला.

आप्पांनी थोडा विचार केला. मग ओठ हलवले. "चहा ठेव."

स्पीकरमधून आवाज आला तो खरखरीत होता, वाऱ्याचाच होता, पण माणसाचा होता. आणि घराच्या आतून, चुलीपासून, माई ओरडल्या, "ठेवलाय की! वरडता कशाला?"

 मग आत काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि माई दारात येऊन उभ्या राहिल्या. आपण काय म्हणालो हे त्यांना आत्ता कळलं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. आप्पा माझ्याकडे बघून हसले, पण त्यांचा हात त्या डबीवर होता, कोणी काढून नेईल असा.

"लग्नात बी असंच येईल?" त्यांनी विचारलं.

मी "येईल" म्हणून बसले. असं मी कधी म्हणत नाही. आमच्या धंद्यात आधी "बघू" म्हणायचं असतं.

पडेगाव, आदला दिवस

लग्नाची लॉनं पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाला लागून एक, मधे फक्त पत्र्याची भिंत. प्रत्येकाला कमान, प्रत्येकात स्टेज. मी दुपारी सामान लावलं आणि एकेक चॅनल ऐकत गेले. सगळी हवा मोकळी. कुठे चिर्र नाही की खर्र नाही. आमच्याकडे असं दिसलं की काम झालं. आबांना फोन केला, "आबा, सगळा रान मोकळा आसा." ते म्हणाले, "मगे घे खंयचोय एक." म्हणजे घे कुठलाही; मी घेतला.

तेवढ्यात एक स्कूटर आत आली. पुढे वायरीचं भेंडोळं, वर मेंदी लावलेल्या दाढीचा म्हातारा माणूस. खिशातून रंगीबेरंगी रिबनी लोंबत होत्या.

"इस लॉन पे साउंड कोनाचा हाय?"

"माझा."

त्यांनी मला, मग मिक्सरला, मग परत मला बघितलं. "कहाँ से आयी बेटी?"

"कुडाळ. कोकण."

"या अल्ला. उतनी दूर से." ते शब्बीरमामू. त्या रस्त्यावरचे सगळ्यात जुने साउंडवाले, तिथे सगळे त्यांना मामूच म्हणतात. "चॅनल कौनसा लिया?"

मी सांगितलं आणि वर मोठ्या तोऱ्यात म्हटलं, सगळी हवा मोकळी आहे.

मामू हसले नाहीत. "हौ, आज मोकळीच हाय. वऱ्हाड कुठं आलं अजून? उद्या बघ. मुहूर्त एकच, अन् इतनी लॉनं. सब के माइक एकदम चालू. तुझा भटजी त्याच्या मांडवात बोलतंय, त्याचा तुझ्या. एकदा तर नवरीचं नाव एक, स्पीकरमधून दुसरंच. नवरदेव हौला हो गया, पार बावरला, उठूनच गेला."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीवर चार जणी चार कप्प्यांवरून पाणी ओढतात, काही होत नाही. दोघींनी एकाच कप्पीवर दोर टाकला की दोर गुंततात, आणि कोणाचीच कळशी वर येत नाही. बिनतारी माइकचं तसंच आहे. हवा सगळ्यांची एक, तिच्यात कप्प्या मोजक्या, आणि जवळच्या दोघांनी एकच धरायची नाही.

मामूंनी त्यावर उपाय काढला होता. सगळ्या कप्प्यांचे सहा वाटे, प्रत्येक वाट्याला एक रंग. दाट तिथीच्या आदल्या दिवशी ते रस्ताभर फिरतात आणि स्टेजजवळच्या रस्त्याकडच्या खांबाला रिबन बांधतात. शेजारी-शेजारी एक रंग नाही, समोरासमोर नाही, पाठीला पाठ नाही. चार लॉनं सोडून तोच रंग परत चालतो, तिथवर लाट दमते.

"आणि उशिरा कोणी आलं तर?"

"तो आजूबाजूला बघतंय. जो रंग दिसत नाय तो त्याचा. रिबन हाय तोवर रंग तुझा. रिबन नाय, हक नाय."

"भांडणं नाही होत?"

"होतंय ना. जमिनीला बांध असून लोकं कोर्टात जातंय. हवेला तर बांध बी नाय."

त्यांनी आमच्या खांबाला हिरवी रिबन बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. मी माझा चॅनल बदलून हिरव्या वाट्यातला घेतला. मग मामूंनी डिकीतून कागदात बांधलेला पिवळसर मऊ नान काढून मला दिला, चहात बुडवून खा म्हणाले. मी खाल्ला. आमच्याकडे हवेची ही वाटणी डोंगरांनी करून ठेवलेली आहे. ह्या वाडीचं भजन त्या वाडीत जातच नाही, त्यामुळे आम्हाला कधी एकमेकांना विचारावंच लागलं नाही. इथे सपाट जमीन, म्हणून एक म्हातारा स्कूटरवर रिबनी घेऊन फिरतो. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, ते स्कूटरला किक मारत होते.

पडेगाव, लग्नाचा दिवस

सकाळपासून मी आप्पांच्या मागे. नवीन सेल घातले, काढले, परत घातले. आप्पांनी फेटा बांधलेला, म्हणून माइकची तार कानामागून न्यायला जागा शोधावी लागली. ते काही बोलत नव्हते, नुसते ओठ हलवत होते, मंगलाष्टका मनात म्हणत. मंडपवाल्याची माणसं फुलं लावत होती. गुलाबी आणि पांढरं, फार सुंदर. दूर दौलताबादचा डोंगर धुरकट दिसत होता.

मुहूर्ताला थोडा वेळ उरला, खुर्च्या भरल्या. आप्पांची डबी चालू करण्याआधी मी मिक्सरवर त्यांची पट्टी वर घेतली. आणि आमच्या चारही स्पीकरमधून एका पुरुषाचा खणखणीत आवाज आला:

"वऱ्हाडी मंडळींनी जेवणासाठी चलावं! पंगत तयार आहे!"

माणसं उठली. खरंच उठली. पुढच्या दोन रांगा तर जवळजवळ पळाल्याच. मिलिंदचे कोकणातले काका सगळ्यात पुढे. मंदाकाकू मधे आडव्या झाल्या, "आवो बसा, बसा! लगीन लागायचंय अजून! भुकेले कुठले!"

मी घाईने आप्पांची डबी चालू केली. वाटलं, आपला माइक जवळ आहे, तो त्या दुसऱ्या आवाजाला दाबून टाकेल. आप्पा बोलले. "हॅलो" मधला "लो" आला, मग चिर्र, मग तो पंगतीचा निवेदक, मग आप्पांचा अर्धा श्वास. मशीनचा कान उघडा ठेवलेला, त्यामुळे ती चिरफाड सगळ्या मांडवात. लहान मुलांनी कान झाकले. दोन-तीन माणसं हसली.

आप्पांनी शांतपणे गालावरचा माइक सोडवला आणि टेबलावर ठेवला. जवळ वाकून म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. भटजी म्हणतील. तू लई केलंस."

साध्या तारेच्या माइकवर ते जमलं नसतं. एवढ्या बारीक आवाजाला तो माइक एवढा उघडावा लागतो, की शिट्टी मारायला लागतो. आणि गालावरचा माइक चालतो तो फक्त त्याच्या डबीवर. मी खांबाकडे बघितलं. खांबाला गुलाबी रिबन होती.

मंडपवाला जवळच उभा होता. मी नुसतं बोट दाखवलं.

"हां ताई, ती हिरवी मॅच होईना," तो खुशीत म्हणाला. "सकाळी काढून गुलाबी लावली. नाय आवडली का?"

रस्त्यापलीकडे, समोरच्या लॉनच्या खांबाला, हिरवी फडफडत होती आणि तिथे मुहूर्ताआधीच पहिली पंगत बसत होती. मी रस्ता ओलांडून तिकडे पळाले. मिक्सरवर एक तगडा माणूस, टोपी मागे सरकवलेली. नाव लिंबाजी. घरची मेंढरं भाऊ बघतो आणि हा साउंड बघतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी सरळ सुरू झाले, "हिरवा माझा आहे."

"कुणाचा? आवो ताई, मला काल रात्री सांगावा आला, सकाळी मांडलं. समदीकडं पाह्यलं. तुमच्याकडं गुलाबी. हिरवी कुठंच दिसंना, म्हून घेतली. मामूलाच इचारा."

मामू आलेच. आमच्या मांडवातली चिरफाड त्यांनी रस्त्यावरून ऐकली होती. त्यांनी दोन्हीकडचे खांब बघितले, कपाळावर हात मारला. "मॅचिंग!" म्हणाले. मग मान हलवली. "बेटी, रिबन नाय तर हक नाय. कायदा मीच केला, मीच कैसे तोडू? हिरवा इसका हो गया."

"दुसरा कुठला?"

ते गोल फिरले, एकेक कमान बघत. उरलेले सगळे रंग आजूबाजूला फडफडत होते.

रडू येत होतं, पण मी रडले नाही. मी लिंबाजीला सांगितलं, की माझ्या माइकवर भटजी नाहीत. एक बाप आहे, त्याचा आवाज गेलाय, तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना मंगलाष्टका म्हणत आला आणि आज स्वतःच्या मुलीला म्हणणार होता. आणि त्याने आत्ता माइक काढून ठेवलाय. मी त्याला शब्द दिला होता. एवढंच. 

लिंबाजीने टोपी काढली, परत घातली. मग मिक्सरला पाठ करून स्टेजवर ओरडला, "महाराज! तारेच्या माइकवर म्हणाल का?"

स्टेजवरचे भटजी छाती काढून उभे होते. "माइक कशाला पाहिजे?"

"ऐकलं का?" लिंबाजी मला म्हणाला. "ह्यांचा आवाज म्हंजे दौलताबादची तोफ. माइक निस्ता शोभंला." त्याने निवेदकाच्या हातातला बिनतारी माइक काढून घेतला. निवेदक "अरे अरे" करतोय तोवर त्याचं बूड फिरवलं, दोन्ही सेल काढले आणि माझ्या हातावर ठेवले.

"निस्तं बंद केलं म्हनलं तर तुम्ही तिथं उभ्या राहून माझ्याकडंच बगत बसाल. घ्या. तुमच्यापाशीच ठिवा. लगीन लागलं की आणून द्या."

ते सेल अजून कोमट होते.

मी आप्पांजवळ आले. शीतल तिथेच होती, मुंडावळ्या बांधलेली, हातात तो काढून ठेवलेला माइक.  मी मूठ उघडून आप्पांना दाखवली. "समोरच्याने सेलच काढून दिलेत. आता दुसरं कोणी बोलूच शकत नाही."

आप्पांनी एक सेल बोटाने हलवून बघितला. मग गाल पुढे केला.

अंतरपाट धरला. आमच्या भटजींची मंगलाष्टकं झाली, समोरून तोफेची ऐकू येत होती. दोन्हीकडची जवळजवळ एकदमच संपली. भटजींनी आप्पांकडे बघून मान हलवली. मी पट्टी वर घेतली. डावी मूठ एवढी आवळलेली, की सेल तळहातात रुतले.

आप्पांचा आवाज आला. सुरात नव्हता. चाल मात्र होती, लांब, संथ, मधे श्वास सुटत जाणारी. एवढ्या मोठ्या मांडवात कोणीतरी कानाशी कुजबुजावं तसं. बोलणारे गप्प झाले, मग मुलं गप्प झाली. कोण बोलतंय हे बघायला माणसं मान वर करून बघायला लागली. आणि मग ती शेवटची ओळ, त्यांची स्वतःची, गावातल्या प्रत्येक मुलीला म्हटलेली:

"गेली लेक जरी दुज्या घरि तरी ओटी इथे ही भरे..."

माई शीतलच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते.

तेवढ्यात मला दुसरा आवाज ऐकू आला. तीच ओळ, तोच आवाज, किंचित उशिरा, रस्त्यापलीकडून.  काहीतरी बिघडलं, काहीतरी घुसलं! हात पट्टीकडे गेला आणि तिथेच थांबला. लिंबाजीने माइकचे सेल दिले होते, पण त्याचं ऐकणारं मशीन चालूच होतं, हिरव्यावरच. त्याच्या कप्पीवर आता दोर एकच होता, आप्पांचा. एकाचं दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून मी पगार घेते, आणि तेच माझ्यासमोर घडत होतं. मला काही करावंसं वाटेना.

"सावधान" दोन्ही मांडवांत एकदम झालं. अक्षता दोन्हीकडे पडल्या. बँड दोन्हीकडे वाजला.

लिंबाजी धावतच आला. मला वाटलं सेल मागायला. तो आप्पांसमोर उभा राहिला. "बाबा, बंद करायला हात गेला होता माझा. पण आमच्या मांडवातलं एक माणूस बोलंना. नवरी बी मान वर करून ऐकायली व्हती. मंग म्हनलं, ऱ्हाऊ दे."

आप्पांना समजायला वेळ लागला. मी समजावून सांगितलं.

पुढचं तुम्हाला माहीत असल्यासारखंच आहे. वरण-बट्टीची पंगत, तुपात बुडवलेल्या बट्ट्या, आणि भात शेवटीच. ह्या वेळी मी जागा ठेवली होती. मंदाकाकूंनी पेटीत हुरड्याची पिशवी कोंबली. मामूंनी नानबरोबरचा मटणाचा खलिया खाऊ घालायचं वचन दिलं आणि मंडपवाल्याला आयुष्यभर पुरतील एवढ्या शिव्या. आबांना फोनवर सगळं सांगितलं, ते म्हणाले, "बरा झाला, गो." परतीच्या बसमध्येही पेटी मांडीवरच होती, पण मला झोप लागली.

पण मला सांगायचं राहिलं ते त्याआधीचं, अक्षता पडल्यानंतर लगेचचं. आप्पांना समजलं तसे ते रस्त्यापलीकडच्या कमानीकडे बघायला लागले.

"म्हंजे दोन पोरींचं लागलं," ते म्हणाले. माइक गालावरच होता, ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "त्या पोरीचं नाव काय?"

आमच्याकडे कोणाला माहीत असणार? लिंबाजीलाही नव्हतं, त्याला रात्रीच बोलावलेलं. आप्पांनी ताटातल्या उरलेल्या अक्षता मुठीत घेतल्या आणि चालायला लागले. कोणी अडवलं नाही. मी म्हणणार होते, आप्पा, डबी काढू द्या. म्हटलं नाही. लिंबाजीने पुढे होऊन रस्त्यावरची वाहनं थांबवली. फेटा बांधलेले आप्पा रस्ता ओलांडून त्या कमानीतून आत गेले आणि दिसेनासे झाले.

आमच्या स्पीकरमधून त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, खरखरत, लांब जात. मग ते थांबले. माझ्या मुठीत लिंबाजीचे सेल होते, हवेत दुसरं कोणी नव्हतं.

"नाव काय गं बाई तुझं?"

दोन्हीकडचे बँड थांबले होते. मग लांबून, आप्पांच्या गालावरच्या त्या बारीक माइकला जेमतेम ऐकू येईल असं, एका मुलीचा लाजलेला आवाज आमच्या चारही स्पीकरमधून आला.

"कावेरी."